मलिक अंबरची नहर पाहिलीत का?

मुंबईहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जाणारा पाहुणा वेरूळ-अजिंठा आणि बीबी का मकबरा पाहून परततो. पण हे शहर ज्या पाण्यावर वसले, ते पाणी वाहणारी नहर त्याला कुणी दाखवत नाही.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावी राजधानी वसवली. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. नव्या शहराची पहिली गरज होती पाणी. त्याने उत्तरेच्या डोंगरातले झरे भूमिगत नहरीने शहरात आणले. ना मोट, ना पंप. केवळ जमिनीचा उतार. पुढे खापरी नळांतून पाणी हौदांत पोहोचायचे. जागोजागी उभारलेले मनोरे नळांतली हवा बाहेर सोडत आणि पाण्याचा दाब सांभाळत. यातले काही आजही दिसतात, पण लोक त्यांना पडके खांब समजतात.

पाणचक्कीत गेलात तर घाई करू नका. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की १७४४ मध्ये पूर्ण झाली. दुसऱ्या एका नहरीचे पाणी दाबाने उंच भिंतीवर चढते आणि तिथून हौदात पडते. त्याच पाण्यावर जाते फिरे आणि फकीर, मुसाफिर, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात तिथला गारवा अनुभवा.

मग भडकल दरवाजा पाहा. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून अंबरने १६१२ मध्ये तो बांधला. आज त्याच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. शेवटी खुलदाबादला अंबरच्या कबरीवर फातेहा पढा. तिथे गर्दी नसते.

१६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे याच अंबरच्या बाजूने लढले. म्हणून हा वारसा एकट्या मुसलमानांचा नाही, दख्खनचा आहे. तरीही नहरीवर घरे, रस्ते उभे राहिले, नळ फुटले. जायकवाडीहून पाणी येणाऱ्या या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. नाव कोणतेही घ्या, तहान तीच आहे. नहरीचा जो भाग अजून जिवंत आहे, तो तरी वाचवू या. इस्लाममध्ये पाणी पाजणे हा सदका-ए-जारिया आहे. अंबरचा तो सदका आपल्या डोळ्यांदेखत आटू नये.