मू खंडाचा जन्मदाखला

पॅसिफिक महासागराच्या मधोमध एकेकाळी मू नावाचा खंड होता. त्यावर 6 कोटी 40 लाख माणसं नांदत होती. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी भूकंप आणि ज्वालामुखींच्या तडाख्यात तो बुडाला. ईस्टर बेटावरचे मोआई पुतळे, पोन्पे बेटालगतची नान मादोल ही बेसाल्टच्या शिळांनी रचलेली पाण्यातली नगरी आणि युकातानचे पिरॅमिड ही सगळी त्याच खंडाच्या वारसांची कामं. जेम्स चर्चवर्ड नावाच्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या इंग्रजानं 1926 साली हे सगळं ठामपणे छापलं आणि आजही ते आवडीनं वाचलं जातं.

भूशास्त्रानं या दाव्याचा निकाल कधीच लावला आहे. खंडाचा खडक हलका असतो, तो काही हजार वर्षांत असा तळाला जात नाही. चर्चवर्डनं नकाशात मू दाखवला, तिथल्या समुद्रतळाशी बेसाल्टच बेसाल्ट आहे. पण मला खरी ओढ आहे ती वेगळ्या प्रश्नाची. समुद्रात कधी नव्हताच, तर हा खंड आला कुठून? माग काढत गेलं की त्याचा चक्क जन्मदाखला हाती लागतो. ठिकाण माद्रिद. बाप एक फ्रेंच धर्मगुरू. आणि सुईण म्हणावी असा एक स्पॅनिश बिशप, जो या जन्माच्या वेळी मरून पावणेतीनशेहून अधिक वर्षं लोटली होती.

प्लेटोचा अटलांटिस सगळ्यांना ठाऊक आहे. 1882 साली इग्नेशियस डॉनेली या अमेरिकी राजकारण्यानं त्याला नवं आयुष्य दिलं, तेही ठाऊक आहे. मूची गोष्ट मात्र या दोघांना वगळून सांगता येते, आणि तशीच सांगायला हवी.

त्या बिशपचं नाव दिएगो दे लांदा. फ्रान्सिस्कन पंथाचा हा साधू 1549 साली युकातानमध्ये आला. 1562 च्या जुलैत मानी या गावी त्यानं माया लोकांच्या हजारो मूर्ती आणि पोथ्या गोळा करून जाळल्या. पोथ्यांचा आकडा 27 असा सांगतात. या पोथ्यांत सैतानाच्या थापांखेरीज काही नव्हतं, असं तो स्वतःच लिहितो, आणि त्या जळताना लोकांना फार दुःख झालं हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. अतिरेक केल्याबद्दल त्याला स्पेनला परत बोलावलं गेलं. तिथं 1566 च्या सुमारास त्यानं युकातानच्या चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला. ज्यानं पोथ्या जाळल्या, त्याच्याच ग्रंथावर आज माया अभ्यासकांची अर्धी भिस्त आहे. माया लोकांच्या पोथ्या आता जगात फक्त चार उरल्या आहेत.

लांदाच्या ग्रंथात एक पान आहे आणि आपली सगळी कथा त्या पानावर उभी आहे. माया लिपीची मुळाक्षरं म्हणून त्यानं तिथं एक तक्ता दिला आहे. तो कसा तयार झाला असेल, हे चिन्हांवरून ओळखता येतं. लांदानं जाणत्या माया माणसाला समोर बसवलं आणि स्पॅनिश अक्षरं एकेक करून उच्चारली. स्पॅनिशमध्ये बी या अक्षराचं नाव 'बे'. माया भाषेत 'बे' म्हणजे रस्ता. तेव्हा त्या माणसानं पाऊलवाटेवरच्या पावलाचं चिन्ह काढून दिलं. एलला स्पॅनिश 'एले' म्हणतो. फाशाला माया भाषेत 'ले' म्हणतात. तो शब्द लिही, असं सांगून लांदानं 'एले, ए' अशी अक्षरं फोडून सांगितली आणि शेवटी पुन्हा 'ले' म्हटलं. लिहिणाऱ्यानं ऐकलेलं सगळं इमानेइतबारे उतरवलं. मग लांदानं त्याला मनानं एखादं वाक्य लिहायला सांगितलं. तो एव्हाना कंटाळला असावा. त्यानं लिहिलं, 'मा इन काती', म्हणजे मला नको. लांदानं ते वाक्यही उदाहरण म्हणून ग्रंथात घालून टाकलं!

बाराखडी गिरवलेल्या मराठी पोराला हा घोटाळा लगेच कळेल. लांदा सुट्या अक्षरांनी विचार करत होता, समोरचा माणूस स्वर मिसळलेल्या व्यंजनांनी. एक 'ब्' मागत होता, दुसरा 'बे' देत होता. तक्ता खोटा नव्हता, त्याच्यावर लिहिलेलं शीर्षक तेवढं चुकीचं होतं.

ते पान पुढं तीनशे वर्षं धूळ खात पडलं. 1862 साली शार्ल-एतिएन ब्रास्यर द बूरबूर या फ्रेंच धर्मगुरूला लांदाच्या ग्रंथाची जुनी नक्कल माद्रिदच्या इतिहास अकादमीत सापडली. 1864 मध्ये त्यानं ती छापली. हा काही ऐरागैरा हौशी नव्हता. माया-किचे लोकांचा 'पोपोल वुह' हा ग्रंथ 1861 साली त्यानंच फ्रेंचमध्ये आणला होता. 1866 मध्ये माद्रिदलाच एका गृहस्थानं आपल्या संग्रहातली माया पोथी त्याला दाखवली. त्या गृहस्थाच्या आडनावावरून ब्रास्यरनं तिला त्रोआनो असं नाव दिलं. एका हातात मुळाक्षरांचा तक्ता, दुसऱ्या हातात अस्सल पोथी. तो वाचू लागला, आणि 1869-70 मध्ये छापलेल्या त्याच्या वाचनात भयंकर उत्पातात समुद्रानं गिळलेली एक भूमी अवतरली. पोथीतली दोन चिन्हं त्याला लांदाच्या 'म' आणि 'उ' सारखी वाटली. झालं, मू जन्माला आला.

इथं एक वाद आहे आणि त्यात मला बाजू घ्यायची आहे. मू हे नाव ऑगस्टस ल प्लाँजाँच्या 'राणी मू'वरून आलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ल प्लाँजाँ आणि त्याची बायको अ‍ॅलिस यांनी 1873 पासून उश्माल आणि चिचेन इत्झाच्या अवशेषांचे उत्तम फोटो काढले. 1875 मध्ये चिचेन इत्झाला जमिनीतून पुतळा उकरून काढला आणि त्याला चाकमोल म्हटलं. त्या जातीच्या सगळ्या पुतळ्यांना आजही तेच नाव चिकटून आहे. तिथल्या देवळातल्या भिंतीचित्रांतून ल प्लाँजाँनं एक आख्यान काढलं. राजपुत्र कोहचा भावानंच खून केला, त्याची पत्नी मू इजिप्तला पळाली, तिथं इसिस म्हणून पुजली गेली आणि नवऱ्याच्या स्मरणार्थ तिनं स्फिंक्स उभारला. चित्रात दिसणारा मकाव पोपट हे त्याला तिच्या नावाचं चिन्ह वाटलं, कारण माया भाषेत या पोपटाला 'मो' म्हणतात.

पोपट आकर्षक आहे, पण तो उशिरा आला. ब्रास्यरचं वाचन छापून झालं तेव्हा ल प्लाँजाँनं चिचेन इत्झाच्या भिंती पाहिल्याही नव्हत्या. शिवाय तो राणी आणि भूमी वेगळ्या ठेवतो, आणि भूमी बुडाल्याची हकिगत सांगायला पुन्हा त्रोआनो पोथीकडेच धाव घेतो. माझं मत याहून एक पायरी पुढचं आहे. बुडालेली भूमी ब्रास्यरच्या डोक्यात आधीपासूनच होती. 1868 साली मेक्सिकोविषयी छापलेल्या पत्रांत ती स्पष्ट दिसते. म्हणजे खंड आधी तयार होता, नाव मागून सापडलं. ज्याला बुडालेली भूमी हवी होती, त्याला पोथीत दुसरं काय दिसणार?

ल प्लाँजाँनं मू अटलांटिक महासागरात ठेवला होता. चर्चवर्डनं तो उचलून पॅसिफिकमध्ये नेला आणि पुराव्यासाठी थेट हिंदुस्थानात आला. दुष्काळाच्या मदतकार्यात असताना एका देवळातल्या वृद्ध ऋषीनं आपल्याला प्राचीन 'नाकाल' फळ्या दाखवून वाचायला शिकवल्या, असं तो सांगतो. देवळाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. त्या फळ्या त्याच्याखेरीज कुणी पाहिल्या नाहीत. 'नाकाल' हा शब्द मात्र ल प्लाँजाँच्या 1896 च्या पुस्तकात आधीच छापलेला आहे. ऋषी कुठं भेटला ते सांगता येत नाही, शब्द कुठं भेटला ते सांगता येतं.

हिंदुस्थानच का? याचं उत्तर मला लेमुरियात दिसतं. मादागास्कर आणि भारत या दोन्हींकडे लेमूर किंवा त्यांचे नातेवाईक कसे, हे कोडं सोडवायला फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञानं हिंदी महासागरात एक बुडालेली भूमी कल्पिली आणि तिला लेमुरिया म्हटलं. साल लांदाचा ग्रंथ छापला गेला तेच, 1864. मॅडम ब्लाव्हाट्स्की या गूढवादी बाईनं 1888 च्या ग्रंथात त्या भूमीवर मानवाचा एक आदिवंशच वसवला. त्याआधी 1879 साली मुंबईत उतरून ती गिरगावात राहिली होती, कार्ल्याची लेणीही पाहून आली होती, आणि या देशातल्या गुप्त गुरूंच्या गोष्टी जगाला सांगून तिनं रस्ता तयार करून ठेवला होता. चर्चवर्डचा ऋषी त्याच रस्त्यानं चालत आला, असा माझा ठाम तर्क आहे. लेमुरियाची दुसरी शाखा तमिळनाडूत रुजली. पांड्यांची जमीन समुद्रानं गिळल्याच्या तमिळ परंपरेतल्या जुन्या कथेशी तिचं लग्न लागलं आणि विसाव्या शतकात त्यातून कुमरी कंडम हा बुडालेला खंड उभा राहिला.

आता मोठा प्रतिस्पर्धी सिद्धांत. आजचे अनेक अभ्यासक म्हणतात की हरवलेल्या संस्कृतीची कल्पना वर्णद्वेषातून आली. गोऱ्यांना स्थानिकांची कर्तबगारी मान्य करवत नव्हती. ग्रेट झिंबाब्वेबाबत हे शंभर टक्के खरं आहे. कार्ल माउखनं 1871 मध्ये ते अवशेष शेबाच्या राणीच्या नावावर खपवले. गर्ट्रूड केटन-थॉम्प्सननं 1929 मध्ये उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांचंच काम असल्याचं दाखवलं, तरी वसाहतवाल्यांना ते पचलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या मातीच्या टेकाडांचंही तेच झालं.

पण मूला हे कारण लागू करून पाहा, ते अडतं. ब्रास्यर आणि ल प्लाँजाँ हे माया लोकांच्या प्रेमात होते. ल प्लाँजाँनं इजिप्तला मायांचं पोर ठरवलं, उलट नव्हे. पुढं मूच्या कथेनं ज्यांना भुरळ घातली त्यांत केमाल अतातुर्क होता. 1935 मध्ये मेक्सिकोला पाठवलेला त्याचा प्रतिनिधी तहसिन मायातेपेक तुर्क आणि माया यांच्या नात्याचे अहवाल धाडत होता. चर्चवर्डच्या पुस्तकांचे अनुवादही अतातुर्कसाठी करवून घेतले गेले. तुर्कांना मध्य आशियाहूनही जुनं मूळ मिळालं तर हवंच होतं. इथं दुसऱ्याचा वारसा नाकारण्यापेक्षा आपल्याला एक घराणं मिळवण्याची हाव मोठी आहे.

माझा सिद्धांत साधा आहे. हरवलेली संस्कृती तिथं उगवते जिथं स्मारक उरतं आणि दप्तर जातं. मानीला पोथ्या जळल्या म्हणून उश्मालच्या दगडांना कुणीही काहीही बोलायला लावू शकला. ईस्टर बेट घ्या. 1862-63 मध्ये पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथून सुमारे दीड हजार माणसं पळवली. मग आल्या साथी. यूजेन एरो हा मिशनरी तिथं पोचला तेव्हा घराघरांत कोरीव अक्षरांच्या लाकडी फळ्या होत्या, पण त्या वाचणारे जवळपास उरले नव्हते. ती रोंगोरोंगो लिपी अजून उलगडलेली नाही. एरो पोचला ते सालही 1864! एकाच वर्षी लांदाचं पान छापून आलं, लेमुरियाचं बारसं झालं आणि मुक्या फळ्या बाहेरच्या माणसाच्या नजरेस पडल्या. हा योगायोगच, पण माझ्या सिद्धांताला इतका सोयीचा योगायोग मी हातचा जाऊ देणार नाही.

सिद्धांताला सर्वांत मोठा आधार मिळतो तो लेनिनग्राडहून. यूरी क्नोरोझोव यानं 1952 साली लांदाचाच तक्ता पुन्हा हाती घेतला, पण ती बाराखडी समजून. माया पोथीत टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हं होती. पहिलं लांदाचं 'कु'. टर्कीला माया भाषेत 'कुत्स' म्हणतात, तेव्हा दुसरं 'त्सु' असणार. आता हे 'त्सु' आणि लांदाचं 'ल' एकत्र दिसतील तिथं 'त्सुल' वाचलं जावं, आणि 'त्सुल' म्हणजे कुत्रा. पोथीत त्या चिन्हांखाली कुत्र्याचंच चित्र होतं. एरिक थॉम्प्सन या माया-अभ्यासातल्या दिग्गजानं आयुष्यभर विरोध केला, पण अखेर लिपी याच वाटेनं उलगडली. मंदिरांवरचे राजे, लढाया, जन्ममृत्यूच्या तारखा बोलू लागल्या आणि मूला राहायला जागा उरली नाही. ज्या त्रोआनोत ब्रास्यरला खंड बुडताना दिसला, ती माद्रिद पोथीचाच भाग निघाली. तिच्यात आहेत शिकारीचे, पाऊसपाण्याचे आणि मधमाश्या पाळण्याचे मुहूर्त.

सिद्धांताला एकच जागा टोचते, आणि ती आपल्याकडचीच आहे. वेरूळचं कैलास लेणं माणसांनी कोरणं शक्य नाही, ते कुठल्यातरी लुप्त प्रगत संस्कृतीचं काम, असं सांगणारे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. इथं तर दप्तर शाबूत आहे. राष्ट्रकूट कर्काचा बडोदा ताम्रपट इसवी सन 812-13 चा. कृष्णराजानं उभारलेल्या देवळाचं वर्णन त्यात आहे, आणि ते पूर्ण झाल्यावर हे आपल्या हातून कसं घडलं याचं खुद्द स्थपतीलाच नवल वाटल्याचंही. त्यातलं एलापूर म्हणजे वेरूळ, हे रा. गो. भांडारकरांनी 1883 मध्येच मांडलं. तेव्हा सिद्धांतात एक पोटकलम घालावं लागतं: न वाचलेलं दप्तर जळलेल्या दप्तराइतकंच निरुपयोगी असतं. आणि कैलासाच्या बाबतीत तर लुप्त संस्कृतीवाल्यांच्या आधी कितीतरी शतकं तो स्थपती थक्क झाला होता. फरक इतकाच की, आपण थक्क झालो म्हणून काम दुसऱ्याच्या नावावर मांडावं, असं त्याला वाटलं नाही.