आपल्या तालुक्याचा इतिहास वर्गात कधी?

मंडळी, आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंग येतो. दांडी, मीठ, १९३०. मोऱ्यातली आपली पोरं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, विषय संपला.

पण त्याच १९३० साली, २५ सप्टेंबरला, आपल्याच उरण तालुक्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. जंगलातला लाकूडफाटा तोडायला सरकारची बंदी. तो कायदा मोडायला गावोगावची माणसं अक्कादेवीच्या माळावर जमली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मे झाले. त्यात नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुणही होता.

पुढे १९८४. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दिबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार, पाच हुतात्मे. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आज घराघरात साडेबारा टक्क्यांच्या गप्पा असतात. ते मिळाले कसे, हे आपल्या सातवी-आठवीतल्या मुलाला एकदा विचारून बघा.

माझं म्हणणं साधं आहे. आठवड्याला इतिहासाचे तास मोजकेच, मान्य. पण महिन्यातला एक तास तालुक्याला द्या. चिरनेर पाहिलेलं माणूस आता भेटणार नाही. ८४ ला विशीत असलेले मात्र आज साठी ओलांडून आपल्यातच आहेत. त्यांना वर्गात बोलवा. मुलांना प्रश्न विचारू द्या, उत्तरं वहीत लिहू द्या.

पालकसभेत मी हे मांडणार आहे. तुमच्या घरी त्या आंदोलनात गेलेलं कुणी असेल तर जरूर कळवा.