माळवदावरची माती

परवा सातवीच्या वर्गात 'माळवद' हा शब्द आला. कुणाला ठाऊक आहे, असं विचारलं तर दोनच हात वर झाले, आणि त्यातल्या एकाने 'माळ्याची वदी' असं काहीतरी सांगितलं. बीड जिल्ह्यात हे व्हावं याचं मला वाईट वाटलं. या मुलांचे आजोबा-पणजोबा उन्हाळ्यात माळवदावरच झोपत होते. कुरडया, शेवया, मिरच्या तिथंच वाळायच्या. रमजानचा आणि ईदचा चाँद पाहायला गल्लीतली सगळी पोरं आमच्याच माळवदावर जमायची, कारण पश्चिमेला आमच्यापुढे उंच घर नव्हतं. घराची खरी बैठक ती होती. फक्त तिला दरवर्षी सांभाळावं लागायचं.

आमच्या दक्खनीत त्याला 'धाबा' म्हणतात. रोहिण्या निघाल्या की गाढवांच्या पाठीवरून पांढरी माती यायची आणि दारात ढीग पडायचा. दादी पदर खोचून, खुरपं घेऊन शिडीने वर चढायची. टोपली घेऊन उभ्या असलेल्या गड्यांना ती वरूनच ओरडून सांगायची, "पैले खुरचो, बाद में डालो." वर्षभरात धूप खाऊन भुसभुशीत झालेला थर खरवडायचा, गवताची मुळं उपटायची, उंदरांची आणि मुंग्यांची बिळं भरायची, पन्हाळीत अडकलेला पाला काढायचा. मग नवी माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि चोपण्याने चोपायची. ढाळ पन्हाळीकडेच आहे ना, हे दादी तांब्याभर पाणी ओतून पाहायची. एरवी झाडायला शिंदीची मऊ केरसुणी. खराटा मारला की वरची साय निघते आणि तिथूनच पाणी मुरतं.

खालची रचना साधी असायची. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपांची किलचणं, त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर माती. ऐपत असेल त्याच्या घरी सागाची तक्तपोशी, नसेल त्याच्या घरी बाभळीच्या कड्या आणि तुराट्या. देशमुखाचा वाडा असो, मोमिनाचं घर असो की गावकुसाबाहेरची खोली असो, माथ्यावर मातीच. घरावरून धर्म ओळखायची सोय आमच्याकडे नव्हती, लाकडावरून ऐपत मात्र कळायची. इथं पाऊस वर्षाला साधारण सहा-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. कोकणात असं सपाट छत एका पावसाळ्यातच वाहून जाईल. इराण आणि तुर्कस्तानच्या कोरड्या खेड्यांतही मातीची सपाट छतं आहेत. तिथं पाऊस किंवा बर्फ पडून गेला की छतावर दगडी रूळ फिरवून माती दाबतात. आपल्याकडे ते काम चोपणं आणि पायांची टाच करायची.

आता मातीबद्दल, कारण खरा इतिहास तिच्यातच आहे. शेतातली काळी माती माळवदाला चालत नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम पाणी धरत नाही, सरळ खाली सोडतो. लागते ती पांढरीच, आणि ती मिळते फक्त जुन्या वस्तीच्या जागी. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, चुना, खार, सगळं मिसळून ती होते. म्हणून तर जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग येतात: काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. मराठवाड्यात ओसाड गावठाणाच्या टेकाडाला आजही 'पांढर' म्हणतात. म्हणजे आमच्या डोक्यावरचं छत हे आमच्याआधी इथं नांदून गेलेल्यांच्या घरांची माती होती.

यात एक नुकसानही आहे आणि ते लपवू नये. गावोगावच्या गढ्या अशाच टोपल्याटोपल्याने संपल्या. दरवर्षी प्रत्येक घराने दहा-वीस टोपल्या नेल्या तर किती वर्षं बुरूज टिकणार? धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी, म्हणजे सातवाहनकाळच्या तगर नगरात, अशाच टेकाडांतून मणी, मातीच्या मूर्ती, नाणी वर येत राहिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू जपून ठेवल्या, म्हणून तिथं आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे. प्रत्येक गावाला लामतुरे मिळाले नाहीत. बाकी ठिकाणचा इतिहास माळवदांवर चढला आणि पावसात पन्हाळीतून वाहून गेला.

दादी गेल्यावर आमच्या घरात खरवडणं बंद पडलं. ते कष्टाचं आणि दिसत नसलेलं काम होतं. चाचांना वाटायचं, आणखी एक थर टाकला की गळती थांबते. थांबायचीही. गावात बहुतेकांनी हेच केलं होतं. दरवर्षी दोन बोटं माती वाढत गेली आणि आपण छत सांभाळतोय असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला भांडी वाजली आणि आम्ही अंगणात धावलो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. आमच्या गावात एका भिंतीचं पोट फुगलं, एवढंच. पण किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती फाटल्या आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. मुलांना मी हे गणित घालते: दहा बाय दहाची खोली, वर एक फूट माती. शंभर घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार टन. तिकडच्या घरांवर कुठं एक तर कुठं दोन फूट थर होते. जिथं लाकडी खांबांनी तुळया तोलून धरल्या, तिथं भिंती पडूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. भूकंपानंतर दुरुस्तीच्या सरकारी सूचनांत छतावरची माती कमी करा, ही मुख्य सूचना होती. दादी वेगळं काय सांगत होती?

लोकांनी मात्र त्यातून 'माळवद वाईट' एवढंच घेतलं. पत्रे आले, मग स्लॅब आले. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसून पाहा म्हणजे कळेल आपण काय घालवलं. स्लॅबलाही देखभाल लागतेच. पाणी साचलं की शेवाळ धरतं, पिंपळाचं रोप भेगेत शिरतं, सळई गंजून सिमेंटचे पापुद्रे पडतात. पण तो पक्का म्हटला जातो, म्हणून वर कुणी चढत नाही.

अब्बांनी १९९४च्या उन्हाळ्यात आमचं माळवद उतरवलं. फावडं सरळ खाली गेलं तेव्हा कापलेल्या कडेला थर स्पष्ट दिसले, पिवळसर, राखाडी, पुन्हा पिवळसर. मी मोजायला बसले आणि सतरावर चुकले. मातीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, माझी हरवलेली एक गोटी निघाली आणि मधे भोक असलेलं निजामाच्या काळचं एक तांब्याचं नाणं. ते वरून कुणाच्या खिशातून पडलं, की पांढरीतूनच टोपलीत आलं, यावर अब्बा आणि चाचा दिवसभर वाद घालत होते. खालच्या कड्या अजून शाबूत होत्या. अब्बांनी त्यावर चार बोटंच माती परत टाकली, आणि चोपण्याआधी सगळी चाळणीतून काढायला आम्हा भावंडांना बसवलं.