बाजार समितीत कास्तकाराची खुर्ची

वऱ्हाडात गावचं राजकारण शिकलेला कास्तकार पुढे बाजार समितीचा संचालक व्हायची स्वप्नं पाहतो. ही बाजार समिती देशाला दिली वऱ्हाडानेच. पण ती जन्मली तेव्हा कास्तकार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

१८५३ पासून वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमरावती, अकोला, खामगावची पेठ दिसू लागली. पाठोपाठ रेल्वेही आली. गिरण्यांना माल चोख हवा होता आणि वजन खरं. त्यासाठी बाजाराला शिस्त लावणं भाग होतं.

१८८६ मध्ये हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्यात देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. वजनमापं ठरली, बाजाराची जागा ठरली, देखरेखीला पाच जणांची समितीही नेमली गेली. त्यात दोघे नगरपालिकेचे आणि तिघे कापसाचे व्यापारी. गाडी भरून आणणारा दाराबाहेरच राहिला.

पुढे लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये असे नियंत्रित बाजार देशभर व्हावेत, अशी शिफारस केली. त्याच सुमारास पंजाबराव देशमुख अमरावतीत शेतकरी संघ बांधत होते. आज महाराष्ट्रात १९६३ चा कायदा चालतो. समितीच्या १८ जागांपैकी ११ सहकारी सोसायट्यांच्या, ४ ग्रामपंचायतींच्या, २ अडत्या-व्यापाऱ्यांच्या आणि १ हमाल-मापाऱ्यांची. म्हणजे तराजू उलटा फिरला.

पण पुरता नाही. २०१७ मध्ये किमान १० गुंठे जमीन असलेल्या आणि समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क मिळाला; २०२० मध्ये तो काढून घेतला गेला. २०२३ च्या निवडणुकांतही शेतकऱ्यांच्या वाट्याच्या जागांसाठी मतदान केलं ते सोसायट्यांच्या संचालकांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनीच.

तेव्हा कास्तकारांनो, गावच्या सोसायटीची निवडणूक बिनविरोध उरकू देऊ नका. बाजार समितीच्या गादीवर कोण बसणार, हे तिथेच ठरतं.