इबरतीची सहल

उर्दूत ‘इबरत’ असा एक शब्द आहे. एखाद्याचा अंजाम पाहून आपण सावध व्हावे, धडा घ्यावा, असा त्याचा अर्थ. शाळेची ऐतिहासिक सहल मात्र बहुधा अभिमानासाठी निघते. किल्ला, महाल, मकबरा दाखवायचा, पूर्वजांची थोरवी सांगायची आणि परतायचे. बर्लिनला जाणाऱ्या जर्मन शाळांच्या सहली आज इबरतीच्या सहली झाल्या आहेत. परंतु त्या पहिल्यापासून तशा नव्हत्या.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची फाळणी करणारी भिंत उभी राहू लागली. पुढे पश्चिम जर्मनीतील विद्यार्थ्यांना सरकारी अनुदानावर पश्चिम बर्लिनला आणले जाई. उंच मचाणावर चढवून त्यांना पलीकडचा मुलूख दाखवला जाई : पाहा, साम्यवाद काय करतो! पूर्व जर्मनीतील विद्यार्थ्यांना शहराच्या उत्तरेस असलेल्या साक्सेनहाउसेन या नाझी छळछावणीत नेत. तेथे कम्युनिस्ट कैद्यांचे शौर्य सांगत. पण १९४५ ते १९५० या काळात त्याच जागी सोव्हिएत सत्तेने छावणी चालवली आणि तीत सुमारे १२ हजार कैदी उपासमारीने व रोगराईने मेले, याविषयी चकार शब्द निघत नसे.

दोन्हीकडची मुले खऱ्याच जागी उभी होती. दाखवलेला जुलूमही खराच होता. फक्त बोट नेहमी दुसऱ्याकडे होते.

हे बोट स्वतःकडे वळवले ते आधी सामान्य नागरिकांनी. गेस्टापो या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाची जागा युद्धानंतर ओसाड पडली होती. १९८५ साली काही नागरिक हातात फावडी घेऊन तेथे खणायला उतरले. १९८७ साली तेथे प्रदर्शन उभे राहिले. १९८९ मध्ये भिंत उघडली, १९९० मध्ये देश एक झाला आणि पूर्वेचे मौनही सुटले. साक्सेनहाउसेनमध्ये आता सोव्हिएत छावणीचेही संग्रहालय आहे.

शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे असे ठिकाण म्हणजे वानझे तलावाकाठचा बंगला. २० जानेवारी १९४२ रोजी येथे १५ अधिकारी जमले आणि सुमारे दीड तासात त्यांनी युरोपातील ज्यूंच्या संहाराची कामे वाटून घेतली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले होते! १९९२ पासून हा बंगला स्मारक आहे. विद्यार्थी तेथे बैठकीचे इतिवृत्त वाचतात. त्यात ठार मारण्यासाठी वापरलेले सभ्य, कचेरीतले शब्द त्यांना दिसतात. नुसती तालीम माणसाला माणूस बनवत नाही, हे याहून स्पष्ट कोणते पुस्तक सांगेल?

आज बर्लिनच्या वर्गांत तुर्की आणि अरब घरांतील मुलेही बसतात. ‘हा तर जर्मनांचा गुन्हा, आमचा काय संबंध?’ असा प्रश्न त्यांच्यातून येऊ शकतो. त्याचे उत्तर मोआबिट भागातल्या एका घरावरील स्मृतिफलक देतो. तेथे डॉ. मोहम्मद हेल्मी राहत. १९२२ साली वैद्यकशास्त्र शिकायला बर्लिनमध्ये आलेले हे इजिप्शियन मुसलमान. नाझींनी त्यांना इस्पितळातून काढले, तुरुंगातही टाकले. तरीही ॲना बोरोस या ज्यू तरुणीला त्यांनी युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले आणि तिच्या कुटुंबीयांनाही मदत केली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी, २०१३ साली, इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. हा मान मिळालेले ते पहिले अरब. जुलूम कोणावर होतो हे पाहून माणुसकी ठरवायची नसते, हे त्यांनी जगून दाखवले.

मुलांना खऱ्या जागी नेले की खरा इतिहास कळतो, अशी आपली समजूत असते. बर्लिनच्या दोन सहलींनी ती खोटी ठरवली. जागा बोलत नाही, शिक्षक बोलतो. म्हणून सहलीची बस ठरवताना एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे : तेथे पोहोचल्यावर आपले बोट कोणाकडे असणार आहे?