मगदलाचा राजपुत्र

खडकी वसवणारा, तिथे नहर आणणारा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. आपल्या जालन्यापासून खडकी ती किती लांब! त्याच्या त्या देशावर १८६८ मध्ये इंग्रज चालून गेले, मुंबई सैन्याचा सेनापती नेपियर याच्या हाताखाली. बहुतेक शिपाई हिंदी, तोफा वाहायला नेलेले ४४ हत्तीही इकडचेच. हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही.

राणी व्हिक्टोरियाने पत्राला उत्तर दिले नाही म्हणून सम्राट तेवोद्रोसने इंग्रज वकिलाला कैदेत टाकले, हे निमित्त. १० एप्रिलला त्याची सुमारे ७०० माणसे बंदुकांपुढे पडली. मग त्याने कैदी सोडले, पण शरण गेला नाही. १३ तारखेला मगदलाच्या गडावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. गड लुटला, जाळला. लूट वाहायला १५ हत्ती आणि जवळजवळ २०० खेचरे लागली.

राणी तिरुवर्क इंग्रजांच्या छावणीबरोबर जाताना वाटेतच वारली. सात वर्षांच्या आलेमायेहूला इंग्लंडला नेले. तो १८७९ मध्ये, अठरा वर्षांचा असताना गेला. विंडसरला पुरलेल्या त्याच्या अस्थी इथिओपिया मागतो आहे. २०२३ मध्ये राजवाड्याने नकार कळवला.