हवाई अंतर आणि उड्डाणकाळ (मुंबई–नागपूर)

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. रेल्वेने हाच प्रवास भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने 837 किलोमीटरचा होतो. 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असला, तरी तो भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतो. मुंबई गाठायला पुढचा रस्ता उरतोच.

हवाई अंतर पृथ्वीच्या गोलाईला धरून मोजतात. वैमानिकांचे माप सागरी मैलाचे. एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. मुंबई–नागपूर ही रेषा नकाशावर ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्यात चिखली आणि मेहकर यांच्या मधल्या भागावरून जाते. खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा हे गाव तिच्या बरेच उत्तरेला राहते. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने आणि नियंत्रकाच्या सूचनेनुसार वळते, त्यामुळे कापलेले अंतर थोडे वाढते.

या आकाशाला टपालाचाही इतिहास आहे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा एवढा नेमका उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

वेळापत्रकात मुंबई–नागपूर उड्डाणाला साधारण दीड तास दिलेला असतो. हा काळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा धरतात. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सगळे त्यात येते. जेट विमान ताशी 800 किलोमीटरच्या पुढे जाते, पंख्याचे एटीआर ताशी 500 च्या आसपास. उंचावरचा पश्चिमेचा वारा जोरात असला, की नागपूरला जाताना वेळ वाचतो आणि मुंबईला परतताना त्याहून थोडा जास्त खर्च होतो.

तुलनेसाठी, लंडन–पॅरिस हे सरळ अंतर सुमारे 345 किलोमीटर आहे. तिथले विमानही वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास घेते. समुद्राखालच्या बोगद्यातून धावणारी युरोस्टार शहराच्या मध्यातून निघून सव्वादोन तासांत शहराच्या मध्यात पोचते, म्हणून अनेक प्रवासी तीच निवडतात. मुंबई ते पिंपळगाव राजा हे हवाई अंतर लंडन–पॅरिसपेक्षा जास्त, 400 किलोमीटरहून थोडे अधिक आहे.

मात्र बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. पिंपळगाव राजाला अकोल्याचा शिवणी विमानतळ सरळ रेषेत सर्वांत जवळ आहे, पण आखूड धावपट्टीमुळे तिथून नियमित प्रवासी सेवा नाही. अमरावतीजवळ बेलोरा येथून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर हे आणखी दोन पर्याय. संभाजीनगरला बुलढाण्यावरून जायचे तर आधी राजूर घाट चढावा लागतो. तिकिटावरच्या उड्डाणकाळात गावापासून विमानतळापर्यंतचा रस्ता आणि तिथे आधी पोचण्याचा वेळ मिळवला, तर निम्मा दिवस जातो. पिंपळगाव राजाच्या प्रवाशाला मुंबईसाठी आजही नांदुरा किंवा शेगावहून रात्रीची गाडी हाच सोयीचा आणि स्वस्त मार्ग आहे.